मिठाच्या कणात सहा परार्ध

माझ्या शाळेतल्या कपाटात एक कापडी पिशवी आहे. तिच्यात शंभर रुपये आहेत, सगळे सुटे, एक-एक रुपयाची शंभर नाणी. नववीला अणुवस्तुमान शिकवायचे दिवस आले की मी ती पिशवी काढते आणि ओळखीच्या सोनाराकडून त्याचा छोटा काटा दोन दिवसांसाठी मागून आणते. जळगाव जिल्ह्यात सोनाराचा काटा मिळायला अडचण पडत नाही. हा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो आणि माझ्या धड्याला तेवढा बारकावा लागतोच.

पंचवीस बाक, प्रत्येक बाकाला चार नाणी. पिशवीत हात घालून न बघता उचलायची, एकेक काट्यावर ठेवायची आणि वजन वहीत लिहायचं. पाच मिनिटांत वर्गात गलका सुरू होतो, कारण रुपया तोच पण वजनं तीन निघतात. १९९२ पासून अनेक वर्षं निघालेला मोठा रुपया ४.८५ ग्रॅमचा. २०११ च्या मालिकेतला त्याहून लहान, ३.७९ ग्रॅमचा. २०१९ चा अगदीच हलका, ३.०९ ग्रॅमचा. झिजलेली नाणी एक-दोन शतांश कमी भरतात, तेवढं सोडून द्यायला सांगते.

"दुकानदार यातल्या कुठल्या रुपयाला जास्त माल देतो?" असं मी विचारते. कुठल्याच नाही. गोळी एकच मिळते. दुकानात नाणं कुणी तोलून घेत नाही, त्यावरचा आकडा बघून घेतात. अणूंचा व्यवहारही असाच चालतो. ज्याच्या केंद्रकात १७ प्रोटॉन तो क्लोरीन. हा १७ म्हणजे त्याच्यावर छापलेला आकडा. त्याच केंद्रकात न्यूट्रॉन १८ आहेत की २०, हे सोडियम जोडी जमवताना विचारत नाही. १७ आणि १८ मिळून ३५, १७ आणि २० मिळून ३७. वजन वेगळं, वागणूक तीच. ही क्लोरीनची दोन समस्थानिकं.

मग सरासरी. इथे दरवर्षी निम्मा वर्ग एकाच खड्ड्यात पडतो. ४.८५, ३.७९ आणि ३.०९ यांची बेरीज करून तिनाने भागायचं आणि ३.९१ लिहून मोकळं व्हायचं. मी काही बोलत नाही. सगळी नाणी पिशवीत परत घालून पिशवीच काट्यावर ठेवते. रिकाम्या पिशवीचं वजन वजा केलं की आकडा उरतो ३९६.८०. शंभराने भागा : ३.९७. वर्ग गप्प होतो. पिशवीत जुने मोठे ३० होते, मधले ५० आणि नवे २०. ज्याची संख्या जास्त, त्याची ओढ जास्त. हे एकदा हाताने केलं की शेकडेवारीने गुणायचं सूत्र पाठ करावं लागत नाही. क्लोरीनसाठी तेच : निसर्गात ३५ वाले ७५.७६ टक्के, ३७ वाले २४.२४ टक्के. दोन्ही अणूंची नेमकी वजनं ३५ आणि ३७ हून किंचित कमी असतात, ती घेऊन हिशोब केला की ३५.४५. पुस्तकात सोयीसाठी ३५.५ छापतात.

त्यानंतर मी मागते : "आता मला ३.९७ ग्रॅमचं नाणं काढून दाखवा." मुलं पिशवी उपसतात. तसं नाणं टांकसाळीतून कधी निघालेलंच नाही. साडेपस्तीसचा क्लोरीनचा अणूही विश्वात कुठे नाही. माझ्या मते नववीच्या रसायनातली सगळ्यात नवलाची गोष्ट हीच आहे : जो आकडा आपण प्रत्येक मूलद्रव्याच्या चौकटीत छापतो, त्या वजनाचा अणू बहुतेक वेळा अस्तित्वातच नसतो, तरी त्या आकड्यावर कारखान्यांपासून औषधाच्या गोळ्यांपर्यंत सगळं बिनचूक चालतं.

याच अर्ध्याने एकोणिसाव्या शतकात माणसांना फार छळलं. लंडनमध्ये विल्यम प्राउट नावाचे डॉक्टर होते. १८१५ मध्ये त्यांनी मांडलं, की सगळ्या मूलद्रव्यांची वजनं हायड्रोजनच्या पटीत येतात, म्हणजे सगळं जग हायड्रोजनच्या विटांनी रचलेलं असावं. कल्पना सुंदर होती. कार्बन १२, ऑक्सिजन १६, सोडियम २३, बऱ्यापैकी जुळतही होतं. क्लोरीन मात्र साडेपस्तीसवर अडून बसलेलं. अर्धी वीट कशी असेल? बेल्जियमच्या झां स्तास यांनी वर्षानुवर्षं चांदी आणि क्लोरीनची वजनं करून पाहिली. माप जितकं चोख झालं, तितका तो अर्धा पक्का होत गेला. प्राउट यांची कल्पना बाजूला पडली.

ती अर्धी वीट कुठून आली हे कळायला शंभर वर्षं लागली. १९१३ मध्ये ग्लासगोत फ्रेडरिक सॉडी किरणोत्सारी पदार्थांच्या घोळात अडकले होते. वजनं वेगळी, पण रसायनाने वेगळी करता येत नाहीत, अशी मूलद्रव्यं त्यांना सापडत होती. ती आवर्तसारणीच्या एकाच घरात बसवावी लागणार होती. मार्गारेट टॉड या स्कॉटिश डॉक्टर आणि लेखिका; एका घरगुती जेवणाच्या वेळी त्यांनी यासाठी ग्रीक शब्द सुचवला, त्याचा अर्थ 'तीच जागा'. आपला 'समस्थानिक' त्याचाच सरळ मराठी अवतार. मुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण पुस्तकात सॉडी असतात आणि टॉडबाई नसतात.

मग केंब्रिजला फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये असं यंत्र बांधलं, की त्यात विद्युतभारित अणूंचा झोत वळवायचा. रिकामी रिक्षा वळणावर चटकन वळते, केळीने भरलेला ट्रक रुंद वळण घेतो. तसे हलके अणू जास्त वाकतात, जड कमी. क्लोरीन सोडलं तर फोटोच्या काचेवर ३५ च्या जागी एक रेघ आली, ३७ च्या जागी दुसरी. ३५.५ च्या जागी काच कोरी होती. त्या यंत्राने ॲस्टन यांनी पुढे दोनशेहून जास्त समस्थानिकं शोधली.

काटा सोनाराचा असल्यामुळे सोन्याचा विषय निघतोच. निसर्गातल्या सोन्याचं नाणं एकच, १९७ वालं. दागिना नाशिकच्या पेढीतला असो की आफ्रिकेच्या खाणीतला, प्रत्येक अणू सारखा; म्हणून सोन्याचं अणुवस्तुमान दशांशचिन्हापुढे सहा घरांपर्यंत खात्रीने लिहिता येतं. दुसऱ्या टोकाला कथील, ज्याची पूर्वी पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे. त्याची दहा स्थिर समस्थानिकं आहेत, इतर कुठल्याही मूलद्रव्याहून जास्त. सगळ्यात हलकं ११२, सगळ्यात जड १२४. आजीच्या पातेल्याला आतून लागलेला तो पांढरा मुलामा दहा प्रकारच्या अणूंचा असतो.

पण मला खरं सांगायचंय ते संख्येबद्दल.

काळ्या कागदावर चिमूटभर मीठ पसरा आणि भिंगातून बघा. प्रत्येक कण छोटा ठोकळा दिसतो, कडा जवळजवळ सरळ. डबीतल्या बारीक मिठाच्या कणाची एक बाजू साधारण ०.३ मिलिमीटर भरते. त्याचं वजन सोनाराच्या काट्याला कळतच नाही. असे पावणेदोनशे कण एकत्र केले तर कुठे ०.०१ उमटेल. या एका कणात क्लोरीनचे अणू किती?

उत्तर येतं ६ वर १७ शून्यं. दहाचा सतरावा घात म्हटलं की मुलं मान डोलावतात, पण डोळ्यांत काही हलत नाही. म्हणून मी त्यांना आमच्याच जिल्ह्यात घेऊन जाते. चाळीसगावजवळ पाटण्याला, पाटणादेवीच्या डोंगरात, इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ स्थापन केल्याचं त्यात कोरलं आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त संख्यास्थानांची नावं दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र करत ती यादी कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अन्त्य, मध्य अशी चढत जाते आणि परार्धावर थांबते. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. (पूजेच्या संकल्पात ऐकू येतो तो परार्ध वेगळा, तो ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा अर्धा भाग.)

म्हणजे 'लीलावती'तली सगळ्यात मोठी पायरी जिथे संपते, तिथे मिठाच्या एका कणाची मोजणी सुरू होते. त्या एका ठोकळ्यात सहा परार्ध क्लोरीन आणि तितकंच सोडियम. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी आकडा दोनदा तपासला, कारण इतका नेमका मेळ बसेल असं वाटलं नव्हतं. आणि तेव्हापासून मला त्या जुन्या नावांबद्दल फार माया वाटते. ज्या काळात अणू मोजायचं साधन नव्हतं, त्या काळी कुणीतरी या उंचीच्या संख्येलाही नाव देऊन ठेवलं होतं.

सहा परार्ध मोजायला किती वेळ लागेल? समजा भारतातले १४० कोटी लोक मोजायला बसले. तान्ही बाळं, म्हातारीकोतारी, सगळे. प्रत्येकाने सेकंदाला एक अणू मोजायचा; जेवण नाही, झोप नाही, सणवार नाही. काम संपायला साडेतेरा वर्षं लागतील. मोजणी सुरू झाली त्या दिवशी जन्मलेलं बाळ ती संपताना आठवीत असेल. आणि झालं काय? भाजीवर भुरभुरलेल्या मिठातला एक कण मोजून झाला, तोही अर्धाच, कारण सोडियम अजून बाकी आहे.

रसायनात मोल नावाचं माप आहे, ते याच गर्दीसाठी. २० मे २०१९ पासून त्याचा आकडा कायमचा ठरवून टाकला आहे. परार्धांच्या भाषेत एक मोल म्हणजे ६० लाख २२ हजार १४० परार्ध आणि वर पाऊण परार्धाहून किंचित जास्त. साठेक ग्रॅम मीठ घेतलं की एवढ्या जोड्या हातात आल्या.

इथे मागच्या बाकावरून हमखास एक प्रश्न येतो आणि मला तो फार आवडतो. "बाई, माझ्या चार नाण्यांची सरासरी ४.५९ आली आणि हिची ३.४४. मग दोन मिठाच्या कणांची सरासरी पण अशीच वेगवेगळी येईल ना?"

बरोबर शंका आहे. तिचं उत्तर वर्गातच मिळतं. एका रांगेतले पाच बाक आपली नाणी एकत्र करतात, वीस नाणी होतात आणि प्रत्येक रांगेची सरासरी ३.८ ते ४.१ च्या आत येऊ लागते. जितकी नाणी जास्त, तितकी सरासरी कमी डुलते. नियम असा, की शंभरपट नाणी घेतली तर डुलणं दहापट कमी होतं. आता हाच नियम मिठाच्या कणाला लावू. सहा परार्धांपैकी सुमारे साडेचार परार्ध ३५ वाले, दीड परार्ध ३७ वाले. नशिबाच्या खेळाने एका कणात ३७ वाले थोडे जास्त येतील, दुसऱ्यात थोडे कमी. हा फरक साधारण ३३ कोटींचा असतो. तेहतीस कोटी! ऐकायला केवढा आकडा. पण सहा परार्धांपुढे त्याचं वजन काय? सरासरीत तो दशांशचिन्हानंतर नवव्या घरात दिसतो. इतक्या वेळा चिठ्ठ्या टाकल्या, की चिठ्ठीला नशीबच उरलं नाही. दुकानातलं मीठ, समुद्राचं मीठ, माझ्या घामातलं मीठ, सगळीकडे ३५.४५ निघतं ते याच गर्दीच्या जोरावर.

तिसऱ्या घरात मात्र थोडी हालचाल दिसते आणि ती नशिबाची नसते. खडक, पाणी, जिवंत पेशी यांतून जाताना हलका आणि जड अणू अगदी किंचित वेगळ्या वेगाने पुढे सरकतात. म्हणून जागतिक पातळीवर अणुवस्तुमानं ठरवणारी समिती आता क्लोरीनसाठी एक आकडा देऊन थांबत नाही, ३५.४४६ ते ३५.४५७ अशी मर्यादाही देते. बघायला गेलं तर ही बारीक गोष्ट. पण अणुवस्तुमान हा निसर्गाने दगडावर कोरलेला आकडा नसून तुम्ही माल कुठून उचलला त्यावर ठरतो, हे तिथे कबूल केलेलं आहे. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपण सध्या नाकाने आत ओढतो आहोत.

आवर्तसारणी पहिल्यांदा नीट वाचणारं हुशार मूल एक दिवस येऊन सांगतंच : "बाई, इथे चूक छापलीय." अरगॉन १८ वा, वजन ३९.९५. पोटॅशियम १९ वा, वजन ३९.१०. पुढे जाऊन वजन कमी कसं झालं? १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांना हवेत अरगॉन सापडला, तेव्हा मोठ्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही हाच पेच पडला होता. वजनाने लावायचं तर अरगॉन पोटॅशियमच्या मागे जातो आणि सगळी सारणी विस्कटते. १९१३ मध्ये मोझली यांनी क्रम वजनाने नव्हे, प्रोटॉनांच्या संख्येने लावायचा हे दाखवून दिलं आणि क्रमाचा प्रश्न मिटला. पण अरगॉन इतका जड का, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर केळीत आहे.

मी टेबलावर एक केळं ठेवते. आमच्याकडे रावेर-यावलकडून येतं तेव्हा ते चांगलं गलेलठ्ठ असतं. त्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम. पोटॅशियमची नाणीही तीन. ३९ वालं ९३ टक्क्यांवर, ४१ वालं पावणेसात टक्के आणि मधलं ४० वालं अगदी चिमूटभर, ०.०११७ टक्के, दर साडेआठ हजारांत एक. हे मधलं स्थिर नाही, ते तुटतं. इतकं दुर्मीळ असूनही एका केळ्यात ते असतं सात परार्ध. आणि त्या सात परार्धांतून दर सेकंदाला तुटतात किती? बारा-तेरा.

या दोन आकड्यांना शेजारी ठेवून जरा वेळ बघावं. सात परार्धांची वस्ती आणि सेकंदाला डझनभर निरोप. पस्तीस मिनिटांची तासिका संपेपर्यंत केळ्यातले पंचवीस हजारांहून जास्त अणू तुटून गेलेले असतात आणि वस्ती होती तेवढीच दिसते. अशा संथ गतीने निम्मी वस्ती संपायला १२५ कोटी वर्षं लागतात. (केळं बिनधास्त खावं. आपल्या अंगातही हेच चाललेलं असतं. साठेक किलोच्या माणसात पोटॅशियमचे साडेतीन-चार हजार अणू दर सेकंदाला तुटतात आणि पोटॅशियम जास्त झालं तर शरीर ते बाहेर टाकतं.)

तुटलेल्या शंभरांतले ८९ कॅल्शियम होतात. उरलेले अकरा अरगॉन होतात, आणि हा अरगॉन ४० वजनाचाच असतो. पृथ्वी जन्मली तेव्हा ४० वालं पोटॅशियम आजच्या बारापट होतं. साडेचारशे कोटी वर्षं खडकाखडकात ते तुटत राहिलं, अरगॉन होत राहिलं. वितळलेल्या लाव्ह्यातून, ज्वालामुखीच्या तोंडातून तो वायू वर आला. कुणाशीच संयोग पावत नाही, जड असल्याने अवकाशात उडूनही जात नाही. हवेत साचत गेला. आज वातावरणात सुमारे ६६ लाख कोटी टन अरगॉन आहे आणि त्यातला ९९.६ टक्के ४० वालाच. सूर्यावर हा प्रकार घडलेला नाही. तिथे अरगॉन बहुतेक ३६ वाला आहे, सरासरी ३६ च्या थोडी वर. सूर्याच्या हवेत आवर्तसारणी लिहिली असती, तर अरगॉन गुपचूप पोटॅशियमच्या आधी बसला असता आणि कुणाला चूक दिसली नसती.

एक साधा श्वास घ्या, अर्धा लिटर हवेचा. त्यात हजाराहून जास्त परार्ध अरगॉन आत आला. त्यातला जवळजवळ प्रत्येक अणू कधीकाळी पोटॅशियम होता, कुठल्या तरी खडकात अडकलेला. ३९.९५ या आकड्यात ही एवढी गोष्ट दडलेली आहे आणि आपण तो फक्त गणितात टाकण्यापुरता वापरतो, याची मला दरवर्षी नव्याने हळहळ वाटते.

याच अरगॉनने आमच्या पायाखालच्या दगडाचं वय सांगितलं. खानदेशाच्या या सगळ्या डोंगरांचा काळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा. तो पातळ होता तोवर आतला अरगॉन निसटून जात होता. थिजला, आणि त्यानंतर जन्मलेला प्रत्येक अरगॉन अणू आत कोंडला गेला. म्हणजे दगडाचं घड्याळ त्या दिवशी शून्यावर आलं. अशा मोजणीतून दख्खनच्या लाव्ह्याचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं येतं. तेवढ्या काळात ४० वाल्या पोटॅशियमच्या दर हजार अणूंपैकी ३६ च तुटतात, आणि त्यातले जेमतेम चार अरगॉन होतात. हजारातल्या त्या चौघांना मोजून डोंगराचं वय काढायचं! तेही जमतं, कारण हजार म्हणताना आपल्या मुठीतल्या दगडात परार्धच्या परार्ध भरलेले असतात.

शिशाचीही अशीच गत. १९१४ मध्ये हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्स यांनी युरेनियमच्या खनिजांतून काढलेलं शिसं तोललं, ते साध्या शिशाहून हलकं भरलं. साधं २०७.२, हे २०६ च्या थोडं वर. सिलोनच्या थोरियमयुक्त खनिजातलं शिसं उलट जड निघालं. दिसायला, वितळायला, रंगाला तेच शिसं; फक्त आईबाप वेगळे.

पाण्याचं वेगळं आहे, कारण हायड्रोजनमध्ये एका न्यूट्रॉनने वजन दुप्पट होतं. १९३१ मध्ये हॅरॉल्ड युरी यांनी हा जड हायड्रोजन, ड्युटेरियम, शोधला. समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंत तो एक असतो. घोटभर पाणी प्यायलो की तो पोटात जातोच. २०० मिलिलिटरच्या पेल्यात तो सुमारे २० हजार परार्ध भरतो. मात्र वजन करायला गेलं तर सगळा मिळून सात मिलिग्रॅम. मिठाचे सव्वाशे कण, बस.

हा हजारोंतला एक निवडून काढायचा कारखाना अलिबागजवळ थळला आहे, तिथल्या खत कारखान्याला जोडून. खतासाठी अमोनिया बनवायला जो हायड्रोजन लागतो, त्यातूनच वाटेत ड्युटेरियम उचलून घेतात. किती उचलावा लागतो? आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. त्यातला एकूण एक ड्युटेरियम वेचला, एकही हातचा जाऊ दिला नाही, तरी दीड लिटर जड पाणी मिळेल. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत हेच जड पाणी खेळतं, कारण साधा हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतो आणि ड्युटेरियम ते फारसे गिळत नाही. तिथलं इंधन म्हणजे नैसर्गिक युरेनियम. त्याचं अणुवस्तुमान २३८.०३. आकडा बघून वाटतं सगळे २३८ चेच आहेत. प्रत्यक्षात हजारात सात २३५ वाले असतात आणि सहज फुटून साखळी पेटती ठेवतात ते हेच. सरासरीत ते जवळजवळ बुडून गेलेले, तरी वीज त्यांच्या जिवावर.

आणि एकदा अशी वेळ आली, की सरासरीच अडचण झाली. एका मोलात नेमके किती अणू हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांना सिलिकॉनचा गोळा घेऊन त्यातले अणू मोजायचे होते. साध्या सिलिकॉनमध्ये २८, २९ आणि ३० अशी तीन नाणी असतात आणि त्यांचं प्रमाण हवं तितकं बारीक कळेना; सगळं मोजमाप तिथेच अडत होतं. शेवटी रशियात यंत्रांनी गरगरवून २८ वालं निवडून काढलं, ९९.९९ टक्क्यांहून शुद्ध. त्याचा किलोभर वजनाचा, ९४ मिलिमीटर व्यासाचा गोळा ऑस्ट्रेलियात घासून घासून गोल केला. एका तळहातावर मावणाऱ्या त्या गोळ्यात साडेएकवीस कोटी परार्ध अणू आहेत, आणि एकेक मोजल्यासारखे त्यांचा हिशोब लागला. मोलाचा जो आकडा आज पुस्तकात छापलेला असतो, त्यामागे या गोळ्याचा मोठा हात आहे.

यंदाच्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्या दिवशी तासिकेच्या आधीच येऊन उभा राहिला. मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. "बाई, हे पण तोला." १९८५ चा रुपया होता, आजीच्या गल्ल्यातला, कडेने काळपटलेला. काट्यावर सहा ग्रॅमच्या आसपास थांबला. पिशवीतल्या तिन्हींपेक्षा जड. माझ्याकडे आजवर न आलेलं चौथं नाणं. वर्ग बाकांवर उभा राहिला. मी ते पिशवीत टाकलं, कुणीतरी फळ्यावर गणित मांडलं. १०१ नाणी, ४०२.८० ग्रॅम, सरासरी ३.९९. एका नाण्याने वर्षभराचा आकडा हलवला.

तास संपल्यावर तो टेबलाजवळ रेंगाळला. आजीला न विचारता आणलं होतं, परत द्यायला हवं. मी पिशवी उलटी करून त्याचा रुपया शोधून दिला. त्याने तो रुमालात बांधला आणि जाता जाता डस्टर घेऊन फळ्यावरचा शेवटचा ९ पुसून ७ केला.